दादाच्या कोंबड्यांची सरबराई

माझा थोरला भाऊ कोंबड्या पाळतो असं म्हणणं हा त्याचा अपमान आहे. तो कोंबड्यांची सरबराई करतो. घरात कोण जेवलं, कोण राहिलं हे त्यानं जन्मात विचारलं नाही. शेडमधली एखादी कोंबडी मान पाडून बसली, की मात्र याच्या घशाखाली घास उतरत नाही. "मुक्या जिवाला कमी पडता कामा नये," हे त्याचं ब्रीद. म्हणून बाजारातली सगळ्यात भारी सोयाबीनची पेंड आणायची, वर सुक्या मासळीची पूड मिसळायची, आणि त्यावर आणखी एक मूठ प्रेमाची.

त्या प्रेमाचा वास अख्ख्या गल्लीला यायचा. टपालवाला आमची पत्रं कोपऱ्यावरच्या दुकानात टाकून पळायचा. लोक दादाला 'अत्तरवाले' म्हणायचे, आणि हा शहाणा खूश होऊन मान हलवायचा. त्याला स्वतःला वास येतच नव्हता ना! इतकी वर्षं त्यातच उठून-बसून त्याचं नाक कधीच निवृत्त झालं होतं. शेडच्या दारात उभा राहून तो प्रत्येकाला विचारायचा, "कुठे येतोय वास?" तिथे उत्तर द्यायला तोंड उघडायची कुणाची छाती होती?

मग शाळेत दादाच्या लेकीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, बाकावर कुणी बसेना. पोर दिवसातून दोनदा डोक्यावरून अंघोळ करायला लागली, तरी बाक रिकामाच. एके सकाळी वहिनीनं बॅग भरली.

"अहो, मी भांडून जात नाहीये," ती म्हणाली. "वास गेला की कळवा. आम्ही दोघी परत येतो." आणि लेकीला घेऊन ती बहिणीकडे राहायला गेली.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. लेक म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्यानं शेडमध्ये फिनेल ओतलं. मग गुलाबाचं अत्तर फवारलं. आता गल्लीला गुलाबाच्या बागेत कुणीतरी मरून पडल्यासारखा वास येऊ लागला. मी म्हटलं, "वा रे वा! रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!" माझं ऐकेल तर तो माझा भाऊ कसला?

शेवटी नाक मुठीत धरून तो जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. बाईंनी खाली पसरलेला भुसा हातात दाबून पाहिला, खाद्य पाहिलं, मेलेली एक कोंबडी उघडून तिची आतडी पाहिली.

"अहो, तुम्ही यांना जेवू घालताय की कोंबताय?" त्या म्हणाल्या. "एवढी प्रथिनं यांना पचत नाहीत. न पचलेलं सगळं मागच्या दारानं बाहेर. आतडी सुजलीत, म्हणून विष्ठा पातळ. ती भुशात कुजते आणि त्याचा अमोनिया होतो. वास शेडला नाही, यांच्या पोटाला आहे."

त्यांनी पेंड कमी केली, मासळी बंद केली, पोटातले चांगले जंतू वाढवायची पावडर पाण्यातून सुरू केली आणि ओला भुसा काढून कोरडा टाकायला लावला. दादाचा चेहरा असा, जणू त्यालाच कुणी उपाशी ठेवलंय.

काही दिवसांनी टपालवाला चक्क दारापर्यंत आला. आणि मग एकाएकी पुन्हा पळायला लागला. मला संशय आलाच. संध्याकाळी शेडमध्ये गेले, तर हे महाशय मासळीची पूड चोरून टाकतायत!

"अगं, माझ्याकडे बघत होत्या गं त्या," तो म्हणाला.

"तुझी लेक नाही का बघत वाट?" मी ओरडले. "कोंबड्यांना काय, कोणीही बघितलं की खायलाच आणलं असं वाटतं!"

पोतं त्यानं स्वतः उचलून माझ्या हातात दिलं, आणि मी ते उकिरड्यात पुरलं.

पुढे वास गेला, असं टपालवाला म्हणाला. पण टपालवाल्याच्या नाकावर संसार कोण मांडणार? दादाला वास येईना, आणि शेजारी राहून माझंही नाक कामातून गेलेलं. मग वहिनीच फोनवर म्हणाली, "रविवारी पोरीला घेऊन येते. तीच सांगेल."

पोर आली. शेडच्या दारात उभी राहिली. डोळे मिटून तिनं खोल श्वास घेतला.

"वास येतोय," ती म्हणाली.

दादा मटकन खालीच बसला.

"पण नुसता कोंबड्यांचा येतोय, बाबा. एवढा चालतो." मग वळून आईला म्हणाली, "आई, रिक्षातून माझं दप्तर काढ." आणि तिनं बापाच्या गळ्यात हात टाकले.

"आज श्वास नाही धरलास?" त्यानं विचारलं.

ती चपापली. "तुला कळायचं?"

"नाक गेलंय गं माझं. डोळे शाबूत आहेत."

वहिनी पदरानं तोंड पुसत राहिली. एरवी त्या दारात उभं राहून आमच्या डोळ्यांना पाणी आलं, की ते अमोनियावर ढकलता यायचं. डॉक्टरीणबाईंनी तेवढीही सोय ठेवली नाही.