खिशातला कापूस

“वसंतराव, तुमच्या बोटांत काहीही बिघाड नाही,” अमरावतीचे डॉक्टर म्हणाले आणि मी सुटकेचा श्वास टाकला. तो पुरता टाकून व्हायच्या आत ते पुढे म्हणाले, “बिघाड मानेत आहे.”

त्यांनी कॉम्प्युटरवर माझ्या मानेचा एमआरआय दाखवला. मणक्यांच्या मधून पांढरट दोरीसारखं काहीतरी खाली येत होतं आणि दोन ठिकाणी चिमटीत धरल्यासारखं बारीक झालं होतं. मुलगी अश्विनी शेजारी बसली होती. ती अमरावतीत शाळेत शिकवते, तिनेच मला अकोल्याहून ओढून आणलं होतं. तिने वहीत आजाराचं नाव लिहून घेतलं, सर्व्हायकल मायलोपॅथी. म्हणजे मेंदूकडून खाली येणारा मज्जारज्जू मानेत दाबला जातो आणि हातापायांचे निरोप तिथेच अडकतात. बोटं शाबूत असतात, पण त्यांचं म्हणणं वर पोचत नाही.

मी एकच विचारलं, “ऑपरेशन केल्यावर बोटांना पहिल्यासारखं कळेल ना?”

“ऑपरेशन पुढची पडझड थांबवण्यासाठी आहे. नाही केलं तर चालणंही जाऊ शकतं. गेलेलं किती परत येईल, हे मी आज सांगू शकत नाही.”

चालण्याचं राहू द्या, मला बोटांचं सांगा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आज ते आठवलं की लाज वाटते. पण तेव्हा खरंच तसं वाटलं होतं, म्हणून लिहितो आहे.

अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मी पंचवीसहून जास्त वर्षं कापसाचा ग्रेडर होतो. गाडी आली की तिच्यातला थोडा कापूस घ्यायचा, सरकी काढायची, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढायचा आणि लांबी, ताकद, ओलावा बोटांनीच सांगायचा. मी पहिला नंबर म्हटलं की पहिला, भावही तसाच. आवारात मला कोणी नावाने हाक मारत नसे. शेतकरी, हमाल, खुद्द मालकसुद्धा ‘पारखीभाऊ’ म्हणत. मला ते फार आवडायचं. बायको सुमन चिडली की म्हणायची, “घरातबी पारखीच राह्यता तुमी, भाजीत मीठ कमी हाय हे सांगाले बोटं लागत नाईत.”

आधीच्या हंगामात पहिली लक्षणं दिसली होती. शर्टाची बटणं लागेनात. मान खाली घातली की पाठीतून करंट उतरायचा. एकदा आवारात चालताना एक चप्पल मागे राहिली आणि मी तसाच वजनकाट्यापर्यंत गेलो, हमालाने ती आणून दिली तेव्हा कळलं. मी हसण्यावारी नेलं. तुमच्यापैकी कोणाला असं काही होत असेल तर हसण्यावारी नेऊ नका, आधी डॉक्टरकडे जा. मी चार महिने लपवलं. त्या चार महिन्यांत मी एक चूक केली. मानेपेक्षा तिचाच मला जास्त त्रास झाला.

हिवरखेडच्या कांताबाई दरवर्षी आमच्याकडे कापूस आणतात. गाडीत पुढे स्वतः बसून येतात. त्यांचा कापूस वाळक्या पानाची पत्ती नाही, किडकी कवडी नाही, असा निवडून वेचलेला असतो. त्या दिवशी मी धागा ओढला आणि तो तटकन तुटला. चिमटीचा जोर मला कळतच नव्हता, पण तेव्हा ते कोण कबूल करणार? मी म्हणालो, “दुसरा नंबर.”

“पारखीभाऊ, पुन्हा एकदा ओढून पाहा बरं. माह्या वावरातला कापूस तुमाले माईत नाई काय?”

“माह्या हातावर शंका घेऊन राहिल्या काय तुमी?” मी मोठ्याने म्हणालो. चार लोक हसले. कांताबाईंनी पदर खोचला, पावती घेतली आणि गाडीकडे गेल्या.

ओढायला घेतलेल्या कापसातला उरलेला पुंजका सवयीने माझ्या खिशात राहिला होता. घरी गेल्यावर तो सुमनला ओढायला सांगितला आणि धागा पट्टीवर मांडला. लांब, एकसारखा, पहिल्या नंबरचा. सुमनने विचारलं, कोणाचा आहे. मी म्हणालो, असाच. पुंजका पुन्हा खिशात घातला आणि कोणाला काही बोललो नाही.

मग तपासण्या सुरू झाल्या. आधी नर्व्ह कंडक्शन स्टडी, म्हणजे नसांमधून बारीक करंट सोडून त्यांचा वेग मोजतात. नंतर एमआरआय. त्या बोगद्यात आडवं केल्यावर दोन मिनिटांत मी इशाऱ्यासाठी हातात दिलेला रबरी फुगा दाबला आणि बाहेर यायचंच म्हणून ओरडलो. टेक्निशियन समजावत होता, अश्विनी काचेपलीकडून हात हलवत होती. तासाभराने दुसऱ्यांदा आत गेलो तेव्हा डोळे घट्ट मिटून मनात एकच घोकत होतो, मी पारखी आहे, मला काही होत नाही. यंत्राचा ठोठो आवाज चालूच होता.

ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. मानेला पट्टा, अश्विनीच्या घरी मुक्काम. पाय सुधारले. अंगठ्यात थोडी जाण आली. उजवी तर्जनी मात्र बधिरच राहिली. फिजिओथेरपीत वाटीतले तुरीचे दाणे एकेक उचलायला देत. मी दाणे उचलायचो आणि संधी मिळाली की खिशातला पुंजका काढून ओढायचो. जेवताना, बाथरूममध्ये, डॉक्टरांच्या ओपीडीत नंबर यायची वाट पाहताना. दिवसातून किती वेळा, ते मलाही सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी वाटे, आता कळेल. कळलं नाही की पुन्हा ओढायचो. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. ते म्हणाले, “नस तिच्या वेगानेच भरेल. पण ही धास्ती मात्र कमी करता येते. कुठेतरी शांत बसायला शिका.”

अश्विनीच्या गल्लीत पिठाच्या गिरणीच्या वर एक हॉल आहे. पोस्टातून रिटायर झालेल्या मंदाताई तिथे सकाळी ध्यान घेतात, आठदहा माणसं येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, “कामधंदा, गाव, पोरंबाळं यातलं काही न सांगता तुमची ओळख द्या.” मी उभा राहिलो. “मी...” म्हणालो आणि पुढे काहीच सुचेना. खालून गिरणीची घरघर येत होती. मी खाली बसलो. पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या कापसाला एका दमात नंबर देणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल एक वाक्य सापडू नये, याची मला खूप भीती वाटली.

त्यांची पद्धत साधी होती. डोळे मिटायचे, डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायचं, जिथे जे जाणवेल ते फक्त बघायचं. बरंवाईट म्हणायचं नाही. मी खांद्यावरून कोपरापर्यंत, कोपरावरून तळहातापर्यंत यायचो आणि तर्जनीशी आलो की पुढे काही नसायचं. तिसऱ्या दिवशी तिथे मला बसवेना. मी उठून जिना उतरलो आणि गिरणीच्या दारात पिठाच्या वासात कितीतरी वेळ उभा राहिलो.

पण हार मानणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून ध्यानातही मी पहिला यायचं ठरवलं. पाऊण तास हलायचो नाही. बाकीचे चुळबुळले की मला बरं वाटे. एक दिवस मंदाताईंना कौतुकाने सांगितलं, “ताई, आजचं ध्यान पहिल्या नंबरचं झालं. काल जरा ओलावा होता.”

“बाप्पा! इथंबी ग्रेड लावून राह्यले काय तुमी?” त्या म्हणाल्या. सगळे खळखळून हसले.

मला राग आला. दोन दिवस गेलो नाही. पण घरी बसून पुंजका ओढत राहणं त्याहून वाईट होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी तोंड पाडून परत गेलो. मंदाताईंनी त्या दोन दिवसांचं विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, “खिशात जे हाय ते चपलेपाशी ठेवून या.” त्यांनी कधी पाहिलं कोण जाणे. मला जमलं नाही. पुढचे आठ दिवसही जमलं नाही.

नवव्या दिवशी मी तो पुंजका चपलेच्या पट्ट्याखाली ठेवला आणि वर गेलो. डोळे मिटले. तर्जनीशी आलो. काहीच नव्हतं. या वेळी पळालो नाही, त्या काहीच नसण्यापाशीच बसून राहिलो. मनात ‘माझा हात’ असं आलं आणि पाठोपाठ कांताबाई आल्या, पदर खोचून गाडीकडे चाललेल्या. तेव्हा मला लख्ख कळलं की इतके महिने मी बोटांसाठी घाबरत नव्हतो. पारखीभाऊ चुकला हे लोकांना कळेल, याला घाबरत होतो. ज्याला मी ‘मी’ म्हणत होतो तो मुख्यतः लोकांनी मारलेल्या हाकेवर उभा होता. मी तिथे बसल्या बसल्या रडलो.

इथे एक स्पष्ट सांगतो. ध्यानाने माझी नस भरली नाही. ते काम ऑपरेशनचं आणि फिजिओथेरपीचं, त्याच्याऐवजी ध्यान करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. धास्तीही गेली असं नाही. ती यायची, आजही येते. फक्त ती आली की लगेच खिशात हात घालावा लागत नाही.

हंगामाच्या तोंडावर मालकांचा फोन आला. मी त्यांना बोटांचं खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “पारखीभाऊ, तुमी फक्त खुर्चीवर येऊन बसा. वैशाली मशीनवर पाहून हळूच सांगत जाईन, नंबर तुमी बोला. लोकाईचा तुमच्या नावावर भरोसा हाय.” वैशाली आमच्या प्रयोगशाळेत धाग्याची लांबी आणि ओलावा मोजते. मी हो म्हणालो. एवढं रडून, एवढं बसून मी हो म्हणालो. जुनी हाक पुन्हा ऐकायला मिळणार होती, आणि तिची ओढ सुटली नव्हती.

अकोल्याला परतलो आणि पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बटणं सुमनने लावली. दोनतीन गाड्यांना वैशालीच्या कानगोष्टीवर नंबर दिले. कोणाला संशय आला नाही. दुपारी हिवरखेडची गाडी आली. कांताबाई उतरल्या आणि माझ्याकडे न बघता वैशालीला म्हणाल्या, “पोरी, यंदा तूच पाह्यजो माय.”

मी खुर्ची सोडून उठलो. सगळे ऐकत होते, मालकही. मी म्हणालो, “कांताबाई, माह्या बोटाले काही समजत नाई. गेल्या सालीबी समजत नव्हतं. तुमचा कापूस पयल्या नंबरचा होता. म्या चुकीचं बोललो, आन् वरून तुमालेच बोललो. घरी जाऊन माईत पडलं, तरी गप राह्यलो.” भावातला फरक मी भरून देईन, हेही सांगितलं. मग खिशातून तो मळून काळपट झालेला पुंजका काढला आणि त्यांच्या पुढे धरला. “हा तुमचाच हाय.”

त्यांनी तो हातात घेऊन पाहिला. माझ्याकडे रोखून पाहिलं. “मले तवाच माईत होतं,” त्या म्हणाल्या. “सालभर घरात सांगून राह्यली होती, तं कोनी आयकेना. म्हने, पारखीभाऊ चुकत नाई.”

मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरंच वाटलं असतं. वैशालीने नव्या कापसाचा नमुना घेतला, मशीनवर लावला आणि स्वतःच्या आवाजात “पहिला नंबर” म्हणाली. मालक ऑफिसात गेले. मी रिकाम्या खुर्चीशेजारी उभा होतो आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

कांताबाई पावती घडी करून कमरेला खोचत म्हणाल्या, “मंग आता पारखी तं तुमी राह्यले नाई. तुमाले काय म्हनाव? इतके साल येऊन राह्यली मी, तुमचं नावच माईत नाई. नाव काय हाय बा तुमचं?”

“वसंत,” मी म्हणालो.