कापलेला घाट

"अंदाज नको, माप सांगा," असं म्हणत काका खिशातून मोजपट्टी काढायचे. भाजीवाल्याने दुधी हातभर आहे म्हटलं तरी पट्टी बाहेर. तो हसायचा, "काका, भाजी घेताय का ड्रेस शिवताय?"

खारघरच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहत. महापेच्या एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगी पुण्याला. तुमच्याही इमारतीत असा एखादा असेल, ज्याला मुलं नावाने नाही तर छंदाने ओळखतात. यांना ती 'ट्रेनवाले आजोबा' म्हणत.

पार्किंगशेजारच्या रिकाम्या खोलीत सहा वर्षं खपून त्यांनी बोरघाट उभा केला होता. प्लायवूडचे डोंगर, बोगदे, पूल, बोटभर उंचीची स्टेशनं. चिमुकली गाडी चढाला लागली की ते श्वास रोखून धरायचे. वर पोचली की म्हणायचे, "चढली गं बाई!"

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. त्या खोलीत जिम करायची मागणी आली तेव्हा त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"अरे, टेन्शन नाही ना काही?"

"मी आहे ना, काका."

मग ते आठ दिवस मुलीकडे गेले. त्याच आठवड्यात मीटिंग झाली. सगळ्यांचे हात वर गेले, माझाही गेला. एकट्याने वाईटपणा घ्यायचा नव्हता मला. दोन दिवसांत जिमची मशिनं आली आणि घाट दारातून बाहेर निघेना. कामगाराने विचारलं, "साहेब, कापू?" मी फोनवर काकांचा नंबर काढला. पाहिला. फोन खिशात ठेवला आणि म्हणालो, "काप."

परत आल्यावर ते पार्किंगमध्ये त्या तीन तुकड्यांसमोर उभे राहिले. करवत नेमकी एका बोगद्यातून गेली होती. त्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. मी ठराव, बहुमत असं काहीबाही बोलत होतो.

"एक फोन तरी करायचा होतात," एवढंच ते म्हणाले. इतकी वर्षं मी त्यांचा 'अरे' होतो. त्या दिवसापासून 'अहो' झालो.

त्यांनी पुन्हा रूळ जोडले नाहीत. जुना ड्रॉइंग बोर्ड काढला आणि रेल्वेच्या जुन्या वास्तू कागदावर उतरवायला लागले. घाटातली दगडी पाण्याची टाकी, बंद पडलेली सिग्नल केबिन, मालधक्क्यावरची मोडकी शेड. सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन निघायचे, दगड न् दगड मोजून संध्याकाळी परतायचे. "पाडायच्या आत काढून ठेवतोय," असं वॉचमनला सांगताना मी ऐकलं. मला कधी सांगितलं नाही.

एकदा धीर करून वर गेलो. बोर्डावर केबिनचा जिना होता, झिजलेल्या पायऱ्यांसकट.

"काका, दुसरी खोली बघू का?"

"नको हो. कागद गुंडाळला की कपाटामागे मावतो. ठराव लागत नाही."

"मग मोजायला येतो. टेपचं दुसरं टोक धरीन."

पेन्सिल न थांबवता ते म्हणाले, "खिळा आहे माझ्याकडे."

गेल्या वर्षी फ्लॅट विकून ते पुण्याला गेले. सामान टेम्पोत चढलं. चित्रांची लांबलचक नळी मात्र त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही. मुलगी गाडीत बसून वाट बघत होती. मी धावत जाऊन मागचं दार उघडलं, नळी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती दुसऱ्या काखेत घेतली आणि गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराने आत बसले.

उघडलेलं दार मग मीच लावलं.