आजाराचा नंबर

फाइल उघडली की ताई आधी स्टीलची पट्टी काढायच्या. डॉक्टरांच्या एकेका ओळीखाली ती सरकवत वाचायच्या. आपण मध्येच तोंड घातलं की मान वर न करता विचारायच्या, "कागद काय म्हन्तो?" कागद काही म्हणत नसेल, तर आपलं म्हणणं तिथंच संपलं.

जालन्याच्या ज्या दवाखान्यात मी नोकरी करतो, तिथल्या रेकॉर्ड विभागात त्या सगळ्यांत जुन्या. माझं लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "नेमकं काय काम करता?" मी म्हणालो, "आजारांना नंबर देतो." त्यांना ती थट्टा वाटली. पण काम खरंच तेच. मोतीबिंदूला नंबर, विंचू चावला तर नंबर, बैलानं मारलं तर त्यालाही नंबर. तो कॉम्प्युटरवर चढवायचा. सरकारी योजनेची मंजुरी, औषधं, पेशंटनं घरी न्यायचं कार्ड, सगळं त्या नंबरावर चालतं.

ताई बदनापूरहून रेल्वेनं यायच्या. त्यांच्या घरच्या लोणच्याच्या बरणीवरही चिठ्ठी असायची: कैरी कुठली, मीठ किती, भरलं कोणी. आम्ही चिडवायचो, तर म्हणायच्या, "उद्या मी मेले तर बरनीला इचारनार का?"

आष्टीची एक मुलगी दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला यायची. अकरा वर्षांची, दिसायला सात. तिच्या हाडातला मगज रक्तातल्या लाल पेशी बनवतच नव्हता. जन्मापासूनचा, आनुवंशिक, फार विरळा ॲनिमिया. त्याचं नाव इतकं लांब की आमच्या डॉक्टरांनाही एका दमात म्हणता येत नसे. पोरगी दुसऱ्यांच्या रक्तावर जगत होती. आणि चढवलेल्या रक्तातलं लोह अंगात साठत जातं, ते काढायला वेगळं औषध लागतं.

रक्त चढवून झालं की ती आईचा हात धरून आमच्या खिडकीशी यायची.

"मॅडम, माझ्या आजाराचा नंबर काय हाय?"

"तुला कशाला गं?"

"शाळंत समद्याइला हजेरीचा एकेकच नंबर हाय. मला दोन व्हतील."

ताईंनी हसून नंबर सांगितला. डी-पन्नास पॉइंट नऊ. पुढच्या खेपेपासून ती खिडकीशी येऊन नावाआधी नंबर सांगायची. आम्हालाही मोठं कौतुक.

तो नंबर चुकीचा होता. डी-पन्नास म्हणजे लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया.

ती दोन महिन्यांची असताना पहिल्यांदा आली, तेव्हा डॉक्टरांनी नुसतं "ॲनिमिया" लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलं होतं. कॉम्प्युटर प्रश्नचिन्ह घेत नाही आणि रकाना रिकामाही सोडू देत नाही. बाई असो की लेकरू, अशा वेळी डी-पन्नास टाकायची आमच्याकडं रीत होती. त्यानंतर दर वेळी "मागचंच चढव." पुढं बाहेरून तपासणीचा रिपोर्ट आला, खरं नाव कळलं, पण तो कागद फाइलीच्या शेवटी जाऊन बसला. कार्डावर छापून येत राहिलं: लोहाची कमतरता. ते वाचून गावातली सिस्टर तिला लोहाच्या गोळ्या देत राहिली.

यंदा एका खेपेला पोरगी आली ती पाय सुजून, धापा टाकत. डॉक्टरांनी लोह काढायच्या औषधाची मंजुरी मागितली. याआधीही दोनदा मागितली होती, तेव्हा "निकषात बसत नाही" एवढंच उत्तर आलं होतं आणि आम्ही ते फाइलीला लावलं होतं. या वेळी योजनेच्या ऑफिसातून कुणीतरी नीट विचारलं: रुग्णास लोहाची कमतरता असताना लोह काढण्याचे औषध कशासाठी?

"बराबर इचारलंय," ताई म्हणाल्या. मग त्यांनी जुन्या फाइली काढल्या. पहिल्या नोंदीवर सही त्यांचीच होती. नंतरच्या कितीतरी नोंदींवर माझी होती.

दोन दिवस त्या टेबलावरून उठल्या नाहीत. बंद झालेली नोंद उघडेना. फोनवरचा माणूस म्हणायचा, आधी अर्ज पाठवा. अर्ज पाठवला की म्हणायचा, नमुना जुना आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी गेली. दुपारी फाइल आमच्याकडं आली. ताईंनी तिच्या आजाराचा खरा नंबर टाकला, डी-एकसष्ट पॉइंट शून्य. मृत्यूची नवी नोंद होती, कॉम्प्युटरनं लगेच घेतली.

मी डॉक्टरांना विचारलं, गोळ्यांनी किती बिघडलं? ते म्हणाले, "जास्त लोह रक्तातलंच. गोळ्यांनी किती, ते आता कुणी सांगू शकत नाही. औषध वेळेवर मिळायला हवं होतं."

दहावं झाल्यावर ताई मला घेऊन आष्टीला गेल्या. "मला सांगायचंय त्या बाईला. लिहून आनलंय." एक पान होतं, घडी करून पर्समध्ये ठेवलेलं.

मुलीच्या आईनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. ताईंनी पर्समध्ये हात घातला, तेवढ्यात तीच बोलू लागली.

"मॅडम, मी एक बी गोळी चुकवली न्हाई बगा. थुकून द्यायची. मंग गुळात दाबून द्यायची. रडायची, हात जोडायची, तरी दिली. कार्डावर लिव्हलं व्हतं ना." मग थांबून म्हणाली, "माझं काई चुकलं का?"

ताईंचा हात पर्समध्येच राहिला. मला वाटलं, आता काढतील. काढू नये असंही वाटलं.

"न्हाई बाई," ताई म्हणाल्या. "तुमचं बिलकुल न्हाई चुकलं."

बाईनं डोळे पुसले. आत जाऊन गोळ्यांच्या चार पट्ट्या घेऊन आली. "ह्या उरल्यात. दुसऱ्या कुनाच्या लेकराला कामी येतील."

ताईंनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि पर्समध्ये, त्या घडी केलेल्या कागदावर ठेवल्या. सोमवारपासून त्या कामावर आल्या नाहीत.