स्लाइसिंग सर आणि बहुमताचे उत्तर

मयत : स्लाइसिंग सर, मूळ राहणार पातूर, तासिका तत्त्वावर संगणकाचे प्राध्यापक, अमरावती. तक्रारीचा काळ : मागील उन्हाळी परीक्षेपासून आजतागायत. साक्षीदार : एक, त्यांची विद्यार्थिनी वैशाली, राहणार सेमाडोह, दोन, मी स्वतः, दादाराव अर्जनवीस, अकोला कचेरीबाहेर बसणारा.

सरांचे खरे नाव हजेरीपटावर होते, कुणाच्या तोंडी नव्हते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकवणारे पुष्कळ. परंतु त्यातील ‘ऑब्जेक्ट स्लाइसिंग’ ही दुर्लक्षित संज्ञा सरांनी अशी उराशी धरली होती, की पोरांनी त्यांना तेच नाव ठेवले. सायंकाळी अमरावतीहून परतून ते अकोल्यात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी घेत. मध्ये पत्र्याची भिंत. माझे शिक्षण नववीपर्यंत असले तरी कान पदवीधर आहेत, म्हणून ती संज्ञा मी अधिकाराने नमूद करतो.

‘वाहन’ हा मूळ वर्ग. त्यापासून निघालेला ‘ट्रॅक्टर’. वाहनाचे सर्व गुण ट्रॅक्टरात असतात, शिवाय नांगर त्याचा स्वतःचा. सर सांगत, “वाहनाच्या मापाच्या डब्यात ट्रॅक्टरची नक्कल टाकली, तर नांगर कापल्या जाते. अन् मशीन हूं नाही का चूं नाही! मूळ ट्रॅक्टर शाबूत उभा राह्यते, पुढं जाते ते नुसतं वाहन.”

“मंग काय करायचं, सर?”

“नक्कल धाडू नका. त्याचा पत्ता धाडा.”

न चालवलेले उत्तर त्यांना मान्य नसे. माझा अर्ज वाचूनसुद्धा विचारीत, “हे चालवून पाह्यलं का, दादाराव?” मी म्हणे, “सर, आमचा अर्ज साहेबाच्या टेबलावरच चालते.” ते म्हणत, “म्हणूनच तर बंद पडते!”

त्या उन्हाळी परीक्षेत नेमका असाच प्रोग्राम आला : ट्रॅक्टरची नक्कल वाहनाच्या डब्यात, पडद्यावर काय उमटेल? वैशालीने लिहिले, ‘वाहन’. आदर्श उत्तरपत्रिकेत होते, ‘ट्रॅक्टर’. त्या एका प्रश्नापायी पोरगी नापास झाली आणि हाती आलेली नोकरी गेली. सरांनी हरकत घेतली. ती मीच लिहिली, आणि अमरावतीला त्यांच्यासोबत गेलो.

हरकतीसाठी नेमलेली त्रिसदस्यीय समिती संगणक कक्षातच बसली होती. यंत्रांवर कापडे होती. अध्यक्षांनी मते मागवली. अध्यक्षांसह दोघांनी ‘ट्रॅक्टर’साठी हात वर केले, तिसऱ्यांनी चहा मागवला.

सर उभे राहिले. “साहेब, मतं कायले घेऊन राह्यले? मशीन समोर आहे. चालवून पाहा ना!”

अध्यक्ष म्हणाले, “नियमात बहुमत आहे, मशीन नाही. शिवाय पासवर्डवाला बाबू रजेवर आहे.”

उत्तर बहुमताने कायम झाले. पुढील सत्रात सरांना एकही तास मिळाला नाही. ज्याचे उत्तर शिक्क्यानिशी चूक ठरले, त्याच्याकडे पोरे कशाला येतील? शिकवणीही बंद पडली. रिकाम्या खोलीत ते फळ्याकडे पाहत बसून राहत. मी एकदा म्हणालो, “सर, सोडून द्या ना आता.”

“कसं सोडू? पोरगी बरोबर आहे ना, दादाराव.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झोपेतच गेले. तेरवीला अध्यक्ष हार घेऊन आले आणि दोन शब्द बोलले : “विषयावर सरांचं प्रभुत्व होतं.” कोपऱ्यातून वैशाली उठली.

“मंग माझं उत्तर चूक कसं, साहेब?”

अध्यक्ष आपल्या चपला शोधू लागले.

सबब विनंती, की सरांची नोकरी आता मागता येत नाही, वैशालीचा निकाल मागता येतो. बाबू रजेवरून परतताच समितीने तो प्रोग्राम यंत्रावर चालवावा, पडद्यावर उमटेल ते जसेच्या तसे उतरवून सहीशिक्क्यानिशी कळवावे. ‘ट्रॅक्टर’ उमटल्यास हा अर्ज मी स्वहस्ते मागे घेईन. त्या वेळी दोन्ही साक्षीदार हजर राहतील. मूळ हरकतदार हजर राहू शकत नाहीत, एवढ्या कारणावरून प्रकरण निकाली काढू नये.