चौथ्या दिवसाचे पाच तारे

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. पंख्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर त्यांनी बत्तीस वर्षं काढली. त्यांचा शिक्का बसल्याशिवाय एकही पंखा खोक्यात गेला नाही. घरातही तोच खाक्या. "लग्नाआधी मला तेवढं नीट तपासलं नाहीत," असं बायको हसून म्हणायची. पुढे ती गेली, मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, आणि खोट काढायला घरात कुणी उरलं नाही. मग तपासनिसांनी इंटरनेट गाठलं.

खरेदीच्या एका साइटवर ते वस्तूंविषयी अभिप्राय लिहीत. लोक काय, खोकं फोडता फोडता पाच तारे देऊन मोकळे होतात. "छान आहे, अजून वापरलं नाही," असंही लिहिणारे महाभाग आहेत. तपासनिसांचा नियम एकच: सहा महिने वापरल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही. इस्त्रीची वायर कुठे मोडते, बादलीची कडी कितव्या महिन्यात निसटते, सगळं इत्थंभूत. असे चारशेवर अभिप्राय झाले होते. खाली लोक प्रश्न विचारत. "काका, आईचे हात थरथरतात, ही किटली तिला पेलेल का?" मग काका किटली काठोकाठ भरून, हात लांब करून, घड्याळाकडे बघत उभे राहत. दिवसभरात त्यांच्याशी तेवढंच कुणी बोलायचं. खरं सांगायचं तर सकाळी उठायचं ते त्यासाठीच. "कंपनी काय म्हणते ते मरू दे, काका काय म्हणतात?" असं एकाने लिहिलं, तर ते वाक्य त्यांनी चारदा वाचलं.

मुलीचा फोन रविवारी येई, "बरे आहात ना? ठेवते," एवढ्यापुरता. त्या आठवड्यात तो बुधवारीच आला.

"बाबा, ह्यांनी बनवलेला मिक्सर साइटवर आलाय. नवं नाव, कोण भरवसा ठेवणार? तुम्ही लिहिलंत तर लोक घेतील."

"लिहीन की. सहा महिन्यांनी."

"तोवर ह्यांना गाशा गुंडाळावा लागेल. मी कधी काही मागितलंय का तुमच्याकडे?"

नव्हतं मागितलं, हीच तर पंचाईत होती. मिक्सर आला. तपासनिसांनी चार दिवस त्याला राबवलं. आवाज कान लावून ऐकला, मोटर हात लावून पाहिली, रोज गरम सूप वाटलं. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. चौथ्या संध्याकाळी त्यांनी पाच तारे दिले आणि जावयाचा उल्लेख तेवढा गाळला. त्यानंतर मुलीचा फोन रोज येऊ लागला. आज इतके गेले, आज तितके गेले, जेवलात का, काय केलंत. तीन आठवडे म्हातारा हवेत होता.

मग अभिप्रायाखाली एका बाईने लिहिलं, "काका, तुमच्या शब्दावर घेतला. गरम सूप वाटताना झाकण उडालं, हात भाजला. तुमच्याकडे नाही का उडालं?"

शिवी असती तर परवडली असती. तपासनीस तसेच उठले, माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं, ते भरून सूप केलं आणि मिक्सरचं भांडं गळ्यापर्यंत भरून बटण दाबलं. झाकण छताला जाऊन लागलं. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चार दिवस त्यांनी वाटलं होतं ते एका माणसाचं सूप, तळाशी चार बोटं. भरल्या भांड्यात वाफ कोंडते हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण त्या घरात भांडं भरून काही करायचं असतं, हेच ते विसरून गेले होते. भिंत पुसता पुसता त्यांना रडू आलं.

त्यांनी मुलीला फोन केला. "झाकण बदला. तोवर विकू नका."

"बाबा, एका बाईचं उडालं म्हणून..."

"माझंही उडालं."

"हा माल संपेपर्यंत तरी काही लिहू नका. माझ्यासाठी."

त्यांनी रात्रभर कळ काढली आणि सकाळी जुन्या अभिप्रायाखाली नवा लिहिला. एक तारा. "माझी चूक झाली. मी एकट्यापुरतंच वाटून पाहिलं होतं. यात गरम काही वाटू नका." आणि अर्धं खरं लिहायची सवय नसल्यामुळे पुढे हेही लिहिलं, की हा मिक्सर माझ्या जावयाचा आहे, हे आधीच सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं खातं बंद झालं. विकणाऱ्याच्या नातेवाइकाने अभिप्राय लिहायचा नाही, असा साइटचा नियम होता. त्यांचे चारशे अभिप्राय गेले, खालचे प्रश्न गेले, पाच तारे गेले आणि झाकणाची सूचनाही गेली.

मुलीचा फोन वाजला तेव्हा ते बोलणी खायच्या तयारीने बसले. पण ती रागावलेली नव्हतीच.

"बाबा, सगळंच निघालं की! सुटलो बाई. बाकीच्यांचे तारे आहेतच."

"आणि झाकण?"

"पुढच्या मालात बघू म्हणालेत हे. तुम्ही नका डोक्याला ताप करून घेऊ. निवांत राहा आता. कुणी काही विचारायला येणार नाही तुम्हाला."

तिने ते मायेनेच म्हटलं होतं, म्हणून त्यांना उलट बोलता येईना. "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या बाईला हात आता कसा आहे एवढं विचारायचं राहिलं होतं. तिचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, आणि जिथे विचारलं असतं ती जागाही आता नव्हती.