साउथहॅम्प्टनचे अपसव्य

साउथहॅम्प्टनमधल्या ज्या रुग्णालयात मी नोकरी केली, तिथल्या मुख्य सर्जनची एक ताकीद आम्हा सर्वांना पाठ होती. "डावी म्हणजे रोग्याची डावी. तुमची नव्हे." ऑपरेशन टेबलाच्या पलीकडून तो ती सुनावी. मला जरा जास्त वेळा सुनावी.

ऐंशीच्या दशकात माझे वडील पुण्यात वारले. मी थोरला मुलगा. अग्नी देणे शक्यच नव्हते, पण दहाव्याला पोचलो असतो. रजा मागितली तेव्हा सर्जन हात धूत होता. मान न वळवता म्हणाला, "तिथे करायला दुसरं कुणी असेलच ना?"

होते. धाकट्या भावाने सर्व केले. जानवे उजव्या खांद्यावर घेऊन पिंड त्याने दिले. मी त्या दिवशी कुणा अनोळखी माणसाचा हर्निया शिवत होतो. सर्जनचे ते वाक्य मी विसरलो नाही. विसरण्याचा प्रयत्नही केला नाही.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी शहरातल्या जपानी मंडळींनी एका बागेत आपल्या देवळाचा उत्सव भरवला. खांद्यावरून न्यायची देवाची पालखी, ढोल, आणि पुढे त्यांच्या इतिहासातल्या पोशाखांची मिरवणूक. शहरातल्या प्रतिष्ठितांना सरदारांचे पोशाख चढवायचे ठरले होते. त्यांत आमचा सर्जनही होता. प्रथमोपचाराला मी होतो आणि मदतीला माझी पत्नी. आमचे टेबल पोशाखांच्या तंबूतच मांडलेले होते.

एक वृद्ध जपानी बाई एकेकाला झगा नेसवीत होती आणि प्रत्येकाला बजावीत होती, "डावा पदर वर. उजवा वर घेतला की तो प्रेताचा पोशाख."

पत्नी हळूच म्हणाली, "म्हणजे आपलं सव्य-अपसव्यच की."

तो उशिरा आला. बाई तोवर पालखीकडे गेली होती. तिला बोलावतो म्हटले, तर हात झटकून म्हणाला, "कपडे घालायला मला दाई लागत नाही." पोशाख चढवून तयार असलेल्या एका नगरसेवकाला त्याने समोर उभे केले आणि त्याचे पाहून स्वतः नेसला. समोरच्याचा डावा पदर त्याला आपल्या उजव्या हाताला दिसत होता. त्याने उजवा वर घेतला. पट्टा आवळला.

"काय डॉक्टर, शोभतो की नाही?"

"शोभता, सर."

"तुमच्याकडेही असंच ना? देवाला खांद्यावर घेऊन हिंदकळवायचं?"

"असंच, सर."

तो आरशाकडे वळला. पत्नीने माझी बाही ओढली. "अहो, त्यांचं अपसव्य झालंय."

"दिसतंय मला."

"मग सांगा की! चारचौघांत शोभा होईल त्यांची."

"बँडेज इकडे दे."

मिरवणूक बागेतल्या रस्त्याने, आमच्या तंबूसमोरूनच निघाली. तो छाती काढून सर्वांत पुढे चालत होता. दुतर्फा उभ्या जपानी मंडळींपैकी कुणी हसले नाही. त्यांनी नजरा खाली घातल्या. तेवढ्यात ती वृद्ध बाई गर्दीतून धावत आली आणि त्याच्या छातीला हात लावून तिने सगळी मिरवणूक थांबवली. "डेड मॅन! डेड मॅन!" ती कळवळून सांगत होती. तिथे मात्र इंग्रज हसले, आणि पोटभर हसले. भर रस्त्यात तिने त्याचा पट्टा सोडला, झगा उघडला. आत बनियन होता. तो दोन्ही हात आडवे पसरून, तिला हवे ते करू देत उभा राहिला. मी जागेवरून उठलो नाही. उठण्यासारखे वैद्यकीय कारण नव्हते.

मिरवणूक संपताच तो तंबूत आला. मानेपर्यंत लाल झाला होता. "तुम्ही इथेच बसला होतात. तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं, सर."

"मग बोलला का नाहीत?"

"सांगायला दुसरं कुणी असेलच, असं वाटलं."

स्वतःचे वाक्य त्याने ओळखले नाही. मी ते पुन्हा, सावकाश म्हटले. तरीही नाही.

परतताना गाडीत पत्नी म्हणाली, "झालं समाधान? मामंजींना हे आवडलं नसतं."

मी गिअर बदलला. मामंजी तिचे होते. वडील माझे होते.