ती सुरमई ताजी होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रस्त्यात भेटलात तरी काही कळायचं नाही तुम्हाला — माझ्या तोंडावर काही लिहिलेलं नाही. तशी मी चांगली बाई समजली जाते. आईला सांभाळते म्हणून शेजारणी माझं उदाहरण देतात. ते ऐकताना मी काय करते, माहीत आहे? हसते. नको हो, त्यात काय एवढं, म्हणते.

पण आधी आईबद्दल सांगायला हवं. तिच्याशिवाय माझ्या गुन्ह्याचं वजन कळणार नाही.

आम्ही पाचूबंदरचे कोळी. आई मासळी विकायची. पहाटे बंदराला बोट लागली की लिलाव, लिलावात उचललेली टोपली डोक्यावर, आणि मग वसई पश्चिमेच्या बिल्डिंगांचे जिने. आमच्यात न लिहिलेला एक नियम होता — जिचा जिना तिचा. एकीच्या जिन्यावर दुसरी कोळीण चढत नसे. आईच्या जिन्यांत एक खास होता. वीस वर्षं तिचा. चार दारं तर अशी, की ताटात कुठला मासा येणार हे घरची बाई नाही, माझी आई ठरवायची.

लिलावात एकदा बोली लागली की माल आपला. टोपलीत खाली नरम निघाला तर नशिबाला बोल लावायचा. पुष्कळ बायका मग चार ताजे वर ठेवून खालचा नरम माल खपवत. आई नाही. नरम निघालेला मासा ती दारातल्या माडाच्या बुंध्याशी पुरायची. लहानपणी मला वाटे, माडाला मासे आवडतात. पुढे कळलं की तो आईचा तोटा होता. मी एकदा चिडून विचारलं होतं, कशाला पुरतेस, कुणाला कळणार आहे? तर म्हणाली, "त्यांच्या ताटात मासा नाय जात गो, माझं नाव जाते." आणि दारात उभी राहून ती एकच सांगायची — "माझ्याकडची हाय, डोले मिटून घ्या." लोक खरंच डोळे मिटून घेत. कल्ले उघडून बघत नसत.

तिच्या नाकाची तर बंदरावर ख्याती होती. दोन हातांवरून सांगायची, ही आजची, ही बर्फातली. लिलावाच्या आधी दुसऱ्या बायका तिच्याकडे डोळ्यांनी विचारत. तिचा सगळा तोरा त्या नाकात होता. अंगठा उठवायची ती, सही तिला येत नव्हती. पण नाक होतं.

आणि मी? मी शिकलेली. सातिवलीच्या एका कारखान्यात, बाटल्यांची झाकणं बनायची तिथे, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. दोन हजार सात-आठचा सुमार असेल. आमच्या आळीत ईमेल म्हणजे काय हे मला एकटीला ठाऊक. त्याची मस्तीही होती, खोटं कशाला बोलू?

तेव्हा मुंबईत एका मोठ्या गायकाचा कार्यक्रम ठरला. नाव नाही सांगत — त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. तिकिटं दोन दिवसांत संपली. त्याच्या चाहत्यांचा नेटवर एक ग्रुप होता, मी जेवणाच्या सुट्टीत तिथे पडलेली असायचे. तिथे एकानं लिहिलं, माझ्याकडे जास्तीची तिकिटं आहेत, कुणाला हवीत तर सांगा. मी विचारलं. त्यानं थेट उत्तर नाही दिलं. इंग्रजी अक्षरांत, पण आमच्या घरच्या बोलीत लिहिलं — "तू कोनाची गो? पाचूबंदरची काय? माझी आजी अर्नाळ्याची."

संपलं. माझा सगळा शहाणपणा तिथेच संपला.

बाहेरचा माणूस "कोनाची गो" कसं विचारेल? तो आपल्यातला. आपल्यातला माणूस आपल्याला कशाला फसवेल? माझ्या फोटोत मागे मामाची बोट होती, तिच्यावर नाव होतं, खाली गाव लिहिलेलं होतं — एवढ्यावरून कुणीही चार शब्द जुळवू शकतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कुणी इंग्रजीत गोड गोड लिहिलं असतं तर मी दहा प्रश्न विचारले असते. इथे एक नाही विचारला. त्यानं सांगितलेल्या खात्यात पैसे भरले. आठवड्यानं कुरियरनं दोन तिकिटं आली. चकचकीत, जाड कागदाची, आसनांचे नंबर छापलेली. दुसरं तिकीट आईसाठी होतं, असं लिहिलं तर बरं दिसेल. नव्हतं. ऑफिसातल्या मैत्रिणीसाठी होतं.

शनिवारी कार्यक्रम. गुरुवारी ग्रुपवर एका मुलानं घाबरून लिहिलं की त्याचे आणि आणखी एकाचे आसनांचे नंबर एकच आहेत. नंबरही लिहिले होते त्यानं. मी पर्समधून तिकिटं काढून बघितली. तेच. विकणाऱ्याचं पान उघडायला गेले, तर पानच नाही. अर्नाळ्याची आजी नाही, काही नाही.

फसले ते फसले — त्याचा कबुलीजबाब द्यायला मी बसलेली नाही. फसणं हे काही पाप नव्हे. तेवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहायचं कारणच नव्हतं.

त्याच संध्याकाळी आई जेवताना सहज म्हणाली, शेट्येवहिनीला शनिवारच्या कसल्या तरी गाण्याची तिकिटं पाहिजेत, कुठे मिळत नाहीत म्हणून हळहळत होती, मालवणहून बहीण यायची आहे तिची. शेट्येवहिनी म्हणजे आईच्या जिन्यावरचं पहिलं दार. आईला चहा देणारी, सणाला माझ्यासाठी पोलक्याचा खण पाठवणारी. हातातला घास खाली ठेवून मी लगेच म्हटलं, माझ्याकडे आहेत दोन. मला जायला जमणार नाही. दे तिला.

बघा, मी विचार करायला थोडीसुद्धा थांबले नाही. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःशी म्हणत आले की कदाचित गेटवर सोडतील असं मला वाटलं होतं. नव्हतं वाटलं. मला माहीत होतं की सोडणार नाहीत. मला एवढंच वाटत होतं की फसलेली कॉम्प्युटरवाली मी नको व्हायला. खालचा नरम माल होता, मी वर चार ताजे शब्द ठेवले.

शुक्रवारी आईनं ते पाकीट टोपलीत, पापलेटांना लागू नये म्हणून प्लास्टिकात गुंडाळून नेलं. आणि दारात काय म्हणाली असेल? घरी येऊन तिनंच कौतुकानं सांगितलं. म्हणाली, मी सांगितलं वहिनीला, माझ्याकडची हायत, डोले मिटून जावा. वहिनीनं पैसे दिले ते तिनं माझ्या हातात ठेवले. मी ते घेतले.

रविवारी सकाळी आई बंदरावरून आली ती खुशीत. वहिनीची बहीण आलेली म्हणून तिनं लिलावात एक मोठी सुरमई उचलली होती, नेहमीपेक्षा चढी बोली लावून. टोपली नीट लावली आणि निघाली. ती आळीच्या टोकाला वळते न वळते तोच माझा मोबाइल वाजला. आईकडे फोन नव्हता, मासळीचे निरोप वहिनी माझ्याकडेच द्यायची.

पण त्या दिवशी मासळीचा निरोप नव्हता. दोघी बहिणी नव्या साड्या नेसून गेल्या होत्या. गेटवर त्यांना बाजूला काढलं. बोगस तिकिटं कुठून आणली म्हणून चार लोकांत उलटतपासणी केली. बहीण तिथेच रडायला लागली. हे सगळं वहिनी अगदी हळू आवाजात सांगत होती. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मग तिनं विचारलं, "मंदा, ही तिकिटं तू घेतली होतीस का?"

किती साधा प्रश्न. हो म्हणायला असा कितीसा वेळ लागतो?

मी म्हटलं, नाही वहिनी. आईला बंदरावर कुणीतरी दिली होती. मी फक्त पाकिटात घातली.

वहिनी म्हणाली, वीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, तिला तोंडावर बोलायला मला जमणार नाही. तूच सांग तिला, आता येऊ नकोस म्हणावं. आणि फोन ठेवला. पैशांचं तिनं नावही काढलं नाही.

आई तोवर फार लांब गेली नव्हती. टोपली घेऊन ती किती भराभर चालणार? मी धावले असते तर तिला गाठली असती. चपला दारातच होत्या. मी खाटेवर बसून राहिले. भिंतीवरचं घड्याळ बघत बसले — आता ती जिन्याशी पोचली असेल, आता चढत असेल, आता बेल वाजवेल.

दुपारी ती परत आली, टोपली भरलेली. पहिल्या दारानं आज नको म्हटलं होतं. दुसऱ्या दारानंही. चारही दारांनी — वहिनीकडून ती गोष्ट एव्हाना जिनाभर झाली असणार. कुणी कारण सांगितलं नव्हतं, आणि ज्या दारी इतकी वर्षं चहा घेतला तिथे कारण विचारायची तिला लाज वाटली. चौघी एकदम नको म्हणतात म्हणजे माझ्या मालातच काहीतरी असणार — याच्यापलीकडे दुसरं कारण तिला सुचणंच शक्य नव्हतं. तिच्या जगात माणसाचं नाव जायचं ते मासळीमुळेच.

इथवर आलेच आहे, तर आता बोलून टाकते.

तिनं पडवीत बसून ती सुरमई बाहेर काढली. कल्ले उघडले — लाल होते. अंगठ्यानं दाबून बघितली. नाकाशी धरली, पुन्हा धरली. तिच्या तोंडावर असा गोंधळ मी कधी बघितला नव्हता. मग तो मासा तिनं माझ्यापुढे केला.

"मंदे, वास येते काय गो? मना तर नाय येत."

मी वाकून वास घेतला. समुद्राचा होता, दुसरा कसलाच नव्हता. ती सुरमई ताजी होती. पण नाही म्हटलं असतं तर तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता — मग त्यांनी का परतवलं? आणि ती परत जिना चढली असती, या वेळी विचारायला.

मी म्हटलं, "थोडा येतो."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माशाकडे. वाद घातला नाही. उठली, कुदळ घेतली आणि ती अख्खी सुरमई माडाच्या बुंध्याशी पुरली. मी पडवीतून बघत होते.

महिन्याभरात त्या जिन्यावर दुसरी कोळीण चढायला लागली. आईनं भांडण काढलं नाही. दुसऱ्या जिन्यांवरच्या दारांतही ती आता मासा पुढे करून म्हणायची, तुम्हीच वास घेऊन बघा. डोळे मिटून घ्या म्हणणारी बाई ती, आता गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. लिलावात हात आखडायला लागला तिचा. बायका विचारायच्या तर म्हणायची, माझं नाक गेलं. दीडेक वर्षात धंदा सोडला. नाक गेलेल्या बाईनं धंदा करू नये, म्हणाली, कुनाच्या पोटात वंगाल जायचं. लोकांना वाटलं, वय झालं. ती तेव्हा पंचावन्नचीही नव्हती.

शेट्येवहिनी पुढे फ्लॅट विकून गेली. तोवर तिला खरं सांगायला तीन वर्षं होती माझ्याकडे. मी त्या बिल्डिंगवरून जाणारा रस्ता सोडून दिला, दुसरं काही केलं नाही.

आई आता माझ्याकडे असते, राजोडीला. मी हे कागदावर का लिहिते आहे, तेही सांगून टाकते. तिला वाचता येत नाही. ती आतल्या खोलीत आहे आणि मी हे लिहिलेलं तिच्या हातात दिलं तरी ती उलटसुलट करून मला परत देईल. म्हणजे ही कबुलीसुद्धा मी अशाच ठिकाणी ठेवली आहे, जिथे तिचा हात पोचत नाही. तोंडानं सांगायला किती पावलं आहेत? बारा असतील.

आज सकाळी पापलेटं आणली होती. रोजच्यासारखी तिनं ताटली माझ्यापुढे सरकवली. "तू वास घे गो, मंदे. माझ्या नाकाचा भरवसा नाय." विळी मांडून ती थांबते, माझ्या तोंडाकडे बघत. मी वाकते, वास घेते. ताजी आहेत, म्हणते.

ती लगेच मानते.